गाळणीने वायू गाळता येत नाही



आपल्या अभ्यासवर्गांचे वेळापत्रक काढून पाहा. राज्यघटना असते, पुणे करार असतो, 'जातिसंस्थेचे निर्मूलन' असते, धम्म असतो, आरक्षणाचे निकाल असतात. हे सगळे हवेच. विज्ञान मात्र तिथे नसते. असलेच तर नीट-सीईटीच्या मार्गदर्शनापुरते, म्हणजे कोणाच्या तरी करिअरपुरते. माझे म्हणणे असे आहे की सातवी-आठवीच्या विज्ञानातला मिश्रणांचा धडा (काय विरघळते, काय पसरते, काय कशापासून वेगळे करता येते) प्रत्येक विहारातल्या वर्गात शिकवला गेला पाहिजे, आणि तो चळवळीचा विषय म्हणून शिकवला गेला पाहिजे. काही जण हसतील. मोर्चाला निघालेल्या पोरांना नरसाळे आणि गाळणकागद काय देताय, म्हणतील. त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे.

हा धडा आपण सगळे शिकलो आहोत. चाळणे, पाखडणे, निवळणे, गाळणे, ऊर्ध्वपातन, स्फटिकीकरण. 'फरक स्पष्ट करा : द्रावण व निलंबन.' 'शास्त्रीय कारणे लिहा : समुद्राचे पाणी गाळून पिण्यायोग्य होत नाही.' दोन मार्क, तीन मार्क. माझ्या शाळेत विलगकारी नरसाळे काचेच्या कपाटात होते आणि कपाटाला कुलूप होते. सरांनी फळ्यावर काढले तेच आम्ही वहीत काढले. पुढे किती तरी शाळांमध्ये गेलो, कुलपाचा आकार तेवढा बदललेला दिसला. ज्या पोरांच्या घरचे लोक गटारात उतरतात त्या पोरांनी विद्राव्यता ही गोष्ट फक्त खडूने काढलेली पाहायची, हा योगायोग आहे असे मी मानत नाही.

आता वर्तमानपत्रातली एक बातमी घ्या. कोणतीही घ्या, मजकूर तोच असतो. सोसायटीची सेप्टिक टँक साफ करायला एक कामगार उतरला. तो वर आला नाही म्हणून दुसरा उतरला. दोघे येईनात म्हणून तिसरा. 'विषारी वायूमुळे गुदमरून तिघांचा मृत्यू.' पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. बातमी संपली.

कोणता विषारी वायू? तो कुठे होता? झाकण उघडून अर्धा तास थांबले होते, वरून वास घेऊन पाहिला होता, तोंडाला रुमाल बांधला होता, तरी मेले कसे? बातमी हे सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आपण निषेध करतो, नुकसानभरपाई मागतो, निवेदन देतो. उत्तर मात्र त्या दोन मार्कांच्या धड्यात पडून असते.

मैल्याच्या गाळात हवा पोचत नाही. तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू सांडपाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला, वातावरणाच्या दाबाखाली, एक लिटर पाणी अडीच लिटरहून जास्त हायड्रोजन सल्फाइड सामावून घेते. ऑक्सिजन तितक्याच पाण्यात जेमतेम ३० मिलिलिटर मावतो. म्हणजे टाकीतला गाळ आणि पाणी हेच त्या वायूचे कोठार असते. वरची हवा ठीक वाटली, तरी मरण खाली विरघळलेल्या स्थितीत वाट पाहत असते.

सोड्याची बाटली आठवा. बंद बाटली शांत असते, वायू दिसत नाही. हलवून उघडली की फसफसून अंगावर येते. टाकीत उतरलेला माणूस दुसरे काय करतो? फावड्याने गाळ ढवळतो. बादली भरतो. पायाने चिखल तुडवतो. जो वायू विरघळून बसला होता तो ढवळल्याबरोबर सुटतो. कोणी आधी संडास साफ करण्याचे ॲसिड ओतले असेल तर आणखी वाईट, कारण आम्लात सल्फाइड वायूच्या रूपात अधिक बाहेर पडतो. उन्हाळ्यात पाणी तापले की विद्राव्यता घटते आणि जिवाणूंचे काम वाढते. हे सगळे शाळेच्या पुस्तकाच्या आवाक्यातले आहे.

किती वायू लागतो? हिशेब करू. हायड्रोजन सल्फाइडचा रेणुभार ३४. एक ग्रॅम वायू म्हणजे साधारण ०.७ लिटर. टाकीतल्या माणसाच्या डोक्याभोवतीची एक घनमीटर हवा धरा, म्हणजे हजार लिटर. त्यात ०.७ लिटर मिसळले की झाले दहा लाख भागांत सातशे भाग, ७०० पीपीएम. ५०० ते ७०० पीपीएमला माणूस काही मिनिटांत लडखडून कोसळतो. हजाराच्या आसपास तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. गाळाच्या पाण्यात लिटरमागे १० मिलिग्रॅम सल्फाइड धरला, तर शंभर लिटर पाण्यात हा एक ग्रॅम असतो. शंभर लिटर म्हणजे पाच-सहा बादल्या. एक ग्रॅम! चिमूटभर मिठाइतके वजन. ज्या समाजाचे लोक यात मरतात त्या समाजाच्या दहावीच्या मुलीला हे गणित पाठ हवे की नको?

आता वासाचे. या वायूला सडक्या अंड्याचा वास असतो हे पुस्तकात आहे, आणि तो वास अगदी थोड्या वायूलाही येतो. पण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, हे पुस्तक सांगत नाही. 'आता वास येत नाही, उतर' हे वाक्य किती टाक्यांच्या तोंडाशी उच्चारले गेले असेल! वास गेला म्हणजे वायू गेला असे नाही. कदाचित नाक गेले.

'अर्धा तास झाकण उघडे ठेवले होते' हे दुसरे वाक्य. ठेकेदार ते पोलिसांना सांगतो, पोलीस लिहून घेतात. इथे विसरण कामाला येते. अत्तराची बाटली उघडली की वास खोलीभर पसरतो, त्याला विसरण म्हणतात, असे आपण शिकलो. त्यावरून वाटते की वायू भराभर पसरतात. खोलीत वास पसरतो तो मुख्यतः वाऱ्याने, पंख्याने, माणसांच्या हालचालीने. नुसत्या विसरणाची चाल गोगलगायीची आहे. हवेत या वायूचा विसरण-गुणांक सेकंदाला सुमारे ०.१७ चौरस सेंटिमीटर. अंतराचा वर्ग करायचा आणि गुणांकाच्या दुपटीने भागायचे, म्हणजे लागणाऱ्या वेळेचा अंदाज येतो. तीन मीटर खोल टाकी असेल तर ९०,००० भागिले ०.३४, म्हणजे सुमारे २,६५,००० सेकंद. तीन दिवस. अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट. वाऱ्याची झुळूक, तापमानातला फरक यांनी थोडीफार मदत होते, पण दीड-दोन फुटांच्या तोंडाच्या, चारी बाजूंनी बंद, थंड खड्ड्यात ती मदत किती? अर्धा तास झाकण उघडे ठेवणे ही सुरक्षिततेची पायरी नसून तिची नक्कल आहे. ब्लोअर लावून हवा जबरदस्तीने ढकलावी लागते, आणि खाली गाळ ढवळला जात असेल तर ती सतत ढकलावी लागते.

इथे एक गैरसमजही काढून टाकू. 'हा वायू हवेपेक्षा जड असतो म्हणून तळाला बसतो' असे आपलेही कार्यकर्ते भाषणात सांगतात. तो हवेच्या सुमारे १.२ पट जड आहे, हे खरे. पण हवेत एकदा मिसळलेला वायू दगडासारखा पुन्हा खाली बसत नाही. ५०० पीपीएमच्या मिश्रणाचे वजन साध्या हवेहून जवळपास वेगळे नसतेच. तो तळाशी दाट असतो कारण तो तळाशी जन्मतो आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते. फरक बारीक वाटेल. पण 'जड वायू होता, काय करणार' असे म्हटले की दोष निसर्गाकडे जातो, आणि 'वाट नव्हती' म्हटले की प्रश्न येतो, वाट करून देण्याची जबाबदारी कोणाची होती?

आणि रुमाल. धड्यातला सगळ्यात सोपा मुद्दा हाच आहे : गाळून फक्त न विरघळलेला कण वेगळा होतो. गढूळ पाणी फडक्यातून गाळता येते, मिठाचे पाणी येत नाही. हवेतली धूळ हे निलंबनासारखे आहे, ती कापडी मास्कने अडते. हवेत मिसळलेला वायू रेणूच्या पातळीवर मिसळलेला असतो; कापडाची भोके त्याच्यापुढे वेशीसारखी आहेत. मास्कमध्ये रसायनाची डबी असली तरी तिची मर्यादा आहे, कारण टाकीत ऑक्सिजनच कमी असेल तर कोणतीही डबी तो निर्माण करत नाही. बाहेरून नळीने किंवा पाठीवरच्या सिलिंडरमधून हवा पुरवणारा संच लागतो. तेव्हा 'आम्ही मास्क दिला होता' या वाक्यावर आपला पहिला प्रश्न असा हवा : कोणता मास्क, गाळणारा की हवा पुरवणारा? हा प्रश्न विचारता न आल्यामुळे किती ठेकेदार सुटले असतील, देव जाणे म्हणणार होतो. देव जाणत नाही, फाइल जाणते.

जुन्या पद्धतीने पेटता कंदील खाली सोडून पाहणारेही आहेत. ज्योत विझली तर ऑक्सिजन कमी आहे हे कळते. ज्योत विझली नाही तर काहीच कळत नाही, कारण ७०० पीपीएम वायूत माणूस मरतो आणि ज्योत खुशाल जळत राहते. आणि तिथे मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर कंदील म्हणजे सुतळी बॉम्ब.

कायद्याचे बघू. हाताने मैला उचलण्याविरुद्ध पहिला कायदा १९९३ चा. दुसरा २०१३ चा, जो ६ डिसेंबर २०१३ पासून, म्हणजे महापरिनिर्वाण दिनापासून लागू झाला. त्याच्या कलम ७ ने गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास बंदी घातली. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या प्रत्येक गटार-मृत्यूसाठी १० लाख रुपये द्यायला सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ ला ती रक्कम ३० लाख केली. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला हाताने मैला साफ करायला लावणे हा गुन्हा ठरला. कागद भक्कम आहे. पण 'धोकादायक सफाई' या शब्दाची व्याख्या पाहा : सुरक्षेची साधने न देता, इतर खबरदारी न घेता करवून घेतलेली सफाई. म्हणजे सगळा खटला साधनांवर आणि खबरदारीवर येऊन थांबतो. तिथे वकिलाला आणि कार्यकर्त्याला रसायनशास्त्र यावेच लागते. नाहीतर एक कापडी मास्क आणि एक अर्धा तास पुरावा म्हणून उभे राहतात.

सरकारला मात्र मिश्रण वेगळे करण्याची कला चांगली अवगत आहे. संसदेत प्रश्न आला की उत्तर मिळते : हाताने मैला उचलताना कोणाचाही मृत्यू झाल्याची नोंद नाही. मग जे मेले ते? ते 'गटार व सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईत' मेले. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत असे ३७७ मृत्यू सरकारनेच संसदेत मान्य केले. मैला तोच, माणूस तोच, जातही बहुतेक वेळा तीच. व्याख्येची चाळणी अशी की एका बाजूला शून्य उरते आणि दुसऱ्या बाजूला ३७७. यांना प्रयोगशाळेची गरज नाही.

इथे कोणी तरी म्हणतोच, रसायनाला जात नसते, तुम्ही सगळीकडे जात आणता. खरे आहे, हायड्रोजन सल्फाइडला जात नसते. तो समोर येईल त्याला मारतो. समोर कोण येणार हे ठरवायला जात असते. 'नमस्ते' योजनेखाली शहरांतल्या गटार आणि सेप्टिक टँक कामगारांची जी नोंदणी झाली, तिच्यात २९ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. इतर मागास आणि आदिवासी धरले तर ९२ टक्के. ही गाळणी कोणत्या प्रयोगशाळेत तयार झाली हे तुम्हाला सांगायला नको.

आणि शुद्ध-अशुद्धाचे विज्ञान आपल्याला शिकवणाऱ्यांनी काय केले होते तेही आठवा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सवर्णांनी तळे 'शुद्ध' केले. १०८ घागरी, दूध, दही, शेण, गोमूत्र आणि मंत्र. आता हे मिश्रणाच्या धड्यातले उदाहरण म्हणून सोडवू. तळे चार-पाच एकरांचे. चार एकर म्हणजे सुमारे १६,००० चौरस मीटर. सरासरी खोली दोन मीटर धरली (ही माझी धारणा, हिशेबापुरती) तर पाणी ३ कोटी २० लाख लिटर. घागर दहा लिटरची धरली तर १०८ घागरी म्हणजे १,०८० लिटर. तीस हजार लिटर पाण्यात एक लिटर. त्यातले शेण निलंबन, ते काही दिवसांत तळाला बसणार. गोमूत्रातला युरिया आणि क्षार द्रावण, ते पसरणार आणि कोणत्याही फडक्याने परत निघणार नाहीत. रसायनशास्त्रात शुद्ध पदार्थ म्हणजे ज्यात एकच घटक आहे तो. त्या व्याख्येने तळ्यात त्या दिवशी अशुद्धी घातली गेली, आणि ती स्वतःला शुद्ध समजणाऱ्यांनी घातली.

पण मला जास्त रस दुसऱ्या प्रश्नात आहे. बाट हा पदार्थ कसला? तो पाण्यात विरघळतो, पण तुपात विरघळत नाही. मातीच्या भांड्यात शिरला की निघत नाही, भांडे फोडावे लागते. पितळेचे भांडे राखेने घासले की निघतो. म्हैस तळ्यात डुंबली तर उतरत नाही, माणसाने ओंजळ भरली की उतरतो. मुसलमान, ख्रिस्ती पाणी भरू शकत, त्यांच्या हाताने तो येत नाही. असा द्राव्य पदार्थ आवर्तसारणीत नाही. आठवीच्या पोराला एवढे विचारायला शिकवले तरी त्याच्यासमोर कोणी सोवळे मिरवू शकणार नाही. बाबासाहेबांनी तो लढा न्यायालयात दहा वर्षे लढवून १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात जिंकला. न्यायालयाने हक्काचा निर्णय दिला. बाटाच्या रसायनाचा निर्णय लोकांच्या डोक्यात अजून व्हायचा आहे, नाहीतर शाळेतल्या पाण्याच्या माठावरून आजही पोरांना मार का बसतो?

आता एक अवघड मुद्दा. विसरण म्हणजे काय हे या देशात कोणाला हाताने ठाऊक होते? कातडे कमावणाऱ्यांना. ढोर, चांभार यांना. जनावराचे कातडे चुन्याच्या कुंडात भिजवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचे. त्यातले टॅनिन कातड्याच्या आत शिरायला आठवडे लागतात, कारण ते विसरणाने शिरते. आणि मुख्य कौशल्य असे की सुरुवातीला पाणी पातळ हवे, मग हळूहळू कडक. पहिल्याच दिवशी कडक पाण्यात टाकले तर वरचा थर लगेच कमावला जातो, आत जायची वाट बंद होते आणि मधले कातडे कच्चे राहून सडते. संहतीतल्या फरकाने विसरणाचा वेग ठरतो हे पुस्तकातले वाक्य या लोकांना बोटांनी कळले होते. सोनाराच्या दुकानासमोरची धूळ आणि गटारातली माती धुऊन सोन्याचा कण काढणारे झारेकरी घ्या. घनतेने मिश्रण वेगळे करण्याचा तो चालता-बोलता प्रयोग. हे ज्ञान असलेली माणसे गावाबाहेर आणि पोथी असलेली माणसे गावात.

प्रफुल्लचंद्र राय हे काही आपल्या चळवळीतले नव्हते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड त्यांनी लिहिले, १९०२ आणि १९०९ मध्ये. या ग्रंथात भारतात विज्ञानाची वृत्ती का मेली याची चर्चा करताना त्यांनी सरळ जातीकडे बोट दाखवले : हाताने काम करणारे खालचे ठरले, विचार करणाऱ्यांनी पदार्थाला हात लावणे सोडले, आणि 'का' आणि 'कसे' विचारणारा वर्ग पदार्थापासून तुटला. प्राचीन भारतात विमाने होती असे सांगणाऱ्यांना हा रसायनशास्त्रज्ञ वाचायला द्यावा.

यावरून काही जण उलट टोकाला जातात आणि म्हणतात, बघा, आपले पारंपरिक ज्ञान किती थोर, ते जपले पाहिजे, पोरांना शाळेतच पिढीजात कौशल्ये शिकवली पाहिजेत. सावध राहा. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगितले, तेव्हा त्यांना त्या कामातले कौशल्य दिसत नव्हते असे नाही. बापाचा धंदा मुलाने करायचा हा नियमच त्यांना मोडायचा होता. ढोराच्या मुलीने विसरणाचा गुणांक प्रयोगशाळेत मोजावा, चर्म-रसायनात डॉक्टरेट करावी. कुंडात उतरण्याला 'वारसा' म्हणून कोणी हार घालत असेल तर तो हार बाजूला ठेवावा. कौशल्य-शिक्षणाच्या नावाखाली जुने धंदे नव्या प्रमाणपत्रासह परत येत आहेत, त्यावर वेगळे लिहीन.

धड्यातला शेवटचा भाग राहिला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समरसतावाले दुधातल्या साखरेचे उदाहरण देतात. समाज दूध, आणि आपण त्यात साखरेसारखे विरघळून जायचे. गोडवा येईल, दूध सांडणार नाही. ऐकायला गोड आहे. पण द्रावणाचा नियम काय सांगतो? जे कमी प्रमाणात असते ते द्राव्य, जे जास्त असते ते द्रावक. विरघळल्यावर द्राव्य दिसेनासे होते आणि द्रावणाला द्रावकाचेच नाव राहते. साखर घातलेले दूध दूधच म्हणवले जाते. दूध आपला रंग, आपले पातेले, आपली चूल काहीच सोडत नाही. दिसेनासे व्हायचे ते साखरेने. समरसतेची सारी मागणी या एका उदाहरणात उघडी पडते.

बाबासाहेबांनीही याच विज्ञानातला एक शब्द घेतला होता, आणि तो दुसराच होता. १९१९ च्या साउथबरो समितीपुढच्या साक्षीत आणि पुढे १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या न झालेल्या भाषणात 'एन्डॉस्मॉसिस' येतो. शब्द त्यांच्या कोलंबियातल्या गुरूंचा, जॉन ड्युईंचा. ड्युईंनी तो १९१६ च्या 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन'मध्ये समाजाला लावला होता. मराठी पाठ्यपुस्तकात त्याला अंतःपरासरण म्हणतात. बेदाणे पाण्यात टाकले की फुगतात, तो प्रयोग. इथे पेशी विरघळून नाहीशी होत नाही. तिच्या पडद्यातून आत-बाहेर ये-जा होते, म्हणून ती जगते. पडदा पक्का बंद झाला की व्यवहार थांबतो. जातींची व्यवस्था म्हणजे असे बंद पडदे एकावर एक. बाबासाहेबांची मागणी पडदा पारगम्य करण्याची होती : शिक्षण, संपत्ती, विवाह, विचार यांची वाहतूक गटागटांत मोकळी व्हावी. कमी संख्येच्या माणसांनी जास्त संख्येच्या माणसांत नाव-गाव विसरून विरघळावे, असे त्यांनी म्हटलेले नाही. तुलना म्हटली की ती कुठे तरी लंगडते. परासरणात मुख्यतः द्रावकाचे रेणू हलतात, आणि समाज काही बेदाणा नाही. तरी दुधातली साखर आणि पाण्यातला बेदाणा हे दोन प्रयोग शेजारी मांडले, की समरसता आणि समता यांतला फरक बारा वर्षांच्या पोराला पाच मिनिटांत कळतो. मी दोन-तीन वस्त्यांत करून पाहिले आहे. एका मुलीने विचारले, साखर परत काढता येते का? दूध आटवले तर साखर आत राहतेच, नाहीशी होत नाही, असे सांगितले. ती म्हणाली, म्हणजे ती होतीच की.

तर आता कामाचे. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा वाटा किती असतो ते तुम्हाला माहीत आहे. त्यातल्या एका रात्रीच्या भाड्यात वस्तीतल्या विहारात एक छोटे कपाट उभे राहते : काचेचे पेले, नरसाळे, गाळणकागद, शाई, मीठ, तुरटी, बेदाणे, सोड्याच्या बाटल्या, एक साधा तराजू. कुलूप लावू नका. दर रविवारी एक प्रयोग, आणि प्रत्येक प्रयोगासोबत एक बातमी. शाईचा थेंब शांत पाण्यात टाकून घड्याळ लावा, आणि मग 'अर्धा तास झाकण उघडे होते' ही बातमी वाचा. सोड्याची बाटली हलवा, आणि मग 'गाळ काढताना अचानक' ही बातमी वाचा. मिठाचे पाणी रुमालातून गाळा, चाखा, आणि मग 'मास्क दिला होता' हे ठेकेदाराचे वाक्य मोठ्याने वाचा.

आणि कुठे मृत्यू झालाच तर आपल्यापैकी ज्याला हे गणित येते त्याने पहिल्या तासात पोलीस ठाण्यात असावे. पंचनाम्यात पुढचे लिहून घ्यायला लावावे : माणूस उतरण्याआधी वायू मोजला होता का, कोणत्या यंत्राने, किती पीपीएम, कोणी लिहिले, ऑक्सिजनचे प्रमाण मोजले का, ब्लोअर होता का, किती वेळ चालू होता, माणूस खाली असताना चालू होता की बंद, मास्क गाळणारा होता की हवा पुरवणारा, कमरेला दोर आणि वर ओढायला तिपाई-चरखी होती का, सक्शन गाडी का बोलावली नाही. प्रत्येक उत्तराखाली सही. यांतल्या पहिल्याच प्रश्नाला ठेकेदाराचा माणूस बहुधा अधिकाऱ्याकडे पाहतो आणि अधिकारी खिडकीबाहेर पाहतो. तेव्हा मोजमापाची नोंदवही मागावी, आणि नोंदवही नाही असे त्यांनी म्हटले की तेच वाक्य जसेच्या तसे पंचनाम्यात घालायला लावावे.